प्रबंध-बांधणीचे दुकान, दांडिया बाजार, वडोदरा

डेटाबेसच्या सिद्धांतावरील प्रबंध छापायला देताना दुकानदाराला विषय कळावा अशी अपेक्षा कोणी करत नाही. चिन्हे मात्र जशीच्या तशी उमटली पाहिजेत. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडण्याच्या पद्धतीवर, उभ्या असलेल्या या शाखेत दोन तक्ते जोडणाऱ्या ‘जॉइन’ क्रियेसाठी बो-टायसारखे चिन्ह वापरतात, आणि पहिल्या प्रतीत त्याच्या जागी रिकामी चौकट आली होती. माझे दुसरे प्रकरण चंद्रा व मर्लिन या संगणकशास्त्रज्ञांच्या १९७७ च्या निष्कर्षावर बेतलेले आहे: एका कंजंक्टिव्ह क्वेरीची (डेटाबेसला विचारलेल्या, सगळ्या अटी ‘आणि’ने जोडलेल्या प्रश्नाची) उत्तरे दुसरीच्या उत्तरांत नेहमीच सामावतात का, हे ठरवणे एनपी-कम्प्लीट असते, म्हणजे त्यासाठी नेहमी झटपट चालणारी रीत अजून कोणाला सापडलेली नाही. तिथे समावेशाचेच चिन्ह गळाल्याने दोन क्वेरी अनोळखी प्रवाशांसारख्या शेजारी उभ्या राहिल्या.

दोष बराचसा माझाच होता, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत केलेले नव्हते. दुकानातील काकांनी हे न चिडता सांगितले, नवी फाइल मागवली आणि दुसऱ्या छपाईचे फक्त कागदाचे पैसे घेतले.

बांधणी उत्तम आहे. पाने शिवलेली असल्याने प्रत टेबलावर सपाट उघडी राहते. सोनेरी अक्षरे सुबक आहेत. आमच्या क्षेत्रात संशोधन आधी परिषदांतून प्रसिद्ध होते, त्यामुळे छापील प्रबंध मार्गदर्शक, परीक्षक आणि आई यांच्यापलीकडे फारसा कोणी उघडत नाही, ही गोष्ट वेगळी. प्रबंध सादर करण्याच्या दिवसांत येथे फार गर्दी असते आणि दिलेली वेळ पाळली जात नाही. चार दिवस हाताशी ठेवूनच जावे.