टंगस्टन कोटिंगची टेस्ट: ई-बीम, न्यूट्रल बीम की प्लाझ्मा?

फ्यूजन रिॲक्टरच्या आतल्या भिंतीसाठी ग्रॅफाइटवर नाहीतर सीएफसीवर (कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या कार्बनवर) टंगस्टनचं कोटिंग करून झालंय, हातात मोजून दहा सॅम्पल आहेत आणि गाईड रोज विचारतायत की हीट फ्लक्स टेस्टचं, म्हणजे उष्णतेचा मारा करून बघण्याचं, काय झालं, अशी वेळ आली असेल तर आधी एक ठरवा, तुम्हाला भीती नक्की कशाची आहे? पोपडे निघण्याची, तडे जाण्याची, की हेलियमने पृष्ठभाग खराब होण्याची? कारण तिन्ही मशीन वेगवेगळ्या भीतीची उत्तरं देतात.

ई-बीम म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत आपल्याला सगळ्यात जवळ, गांधीनगरच्या आयपीआर या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 200 किलोवॅटची सोय आहे, आणि जर्मनीत युलिशचं ज्युडिथ म्हणजे या कामातलं जुनंजाणतं नाव. बीमचा ठिपका हवा तसा फिरवता येतो, मिलिसेकंदाचे फटके देता येतात, त्यामुळे ईएलएमची (प्लाझ्माच्या कडेवरून भिंतीवर येणाऱ्या क्षणिक उष्णतेच्या फटक्यांची) नक्कल करायची तर हेच बरं. पण टंगस्टन जड धातू, इलेक्ट्रॉनची निम्म्याच्या आसपास एनर्जी त्यावरून परत उडते, म्हणून मशीनवर दिसणारा आकडा सॅम्पलमध्ये गेला असं समजून पेपर लिहायला बसू नका. शिवाय 120 किलोव्होल्टचे इलेक्ट्रॉन काही मायक्रॉन आत घुसतात. लेप 200 मायक्रॉनचा असेल तर काही फरक पडत नाही, पण चार-पाच मायक्रॉनचा असेल तर उष्णता वरून येण्याऐवजी लेपाच्या आतच तयार होते, आणि रिॲक्टरमध्ये तसं होत नाही.

न्यूट्रल बीममध्ये, म्हणजे विद्युतभार नसलेल्या अणूंच्या झोतात, ही भानगड नाही. म्युनिकजवळ गार्शिंगला ग्लॅडिस आहे, हायड्रोजनचा बीम, 1.1 मेगावॅटचे दोन सोर्स, उष्णता वरच्या वरच बसते आणि अख्खी टाइल टेस्ट करता येते. इंग्लंडच्या जेट या प्रायोगिक फ्यूजन यंत्रात 2011 ला नवीन भिंत आली त्याआधी सीएफसीवरची 14 प्रकारची कोटिंग इथेच तपासली, 10.5 मेगावॅट प्रति चौरस मीटरला 200 पल्स वगैरे. 200 मायक्रॉनचा जाड प्लाझ्मा स्प्रे (वितळवून फवारलेला लेप) मागे पडला आणि मधे मॉलिब्डेनमचा पातळ थर दिलेलं, 10 ते 25 मायक्रॉनचं स्पटरिंगचं (आयनांच्या माऱ्याने अणू उडवून बसवलेलं) रोमानियन कोटिंग निवडलं गेलं. जाड म्हणजे मजबूत असं आपल्याला वाटतं, पण सीएफसी तंतूंच्या दिशेने जवळपास प्रसरण पावतच नाही आणि आडव्या दिशेने टंगस्टनपेक्षा जास्त पावतं, त्यामुळे एकाच लेपाला एकीकडून दाब आणि दुसरीकडून ताण. आणि सुमारे 1200 अंश सेल्सिअसच्या वर कार्बन टंगस्टनमध्ये शिरून ठिसूळ कार्बाइड तयार होतं ते वेगळंच. अडचण एवढीच की प्रवास, बीमटाइम, प्रपोजल, सगळा कुटाणा.

तिसरा पर्याय लिनियर प्लाझ्मा, म्हणजे सॅम्पलवर सरळ प्लाझ्माचा झोत सोडणारं मशीन, आइंडहोव्हनचं मॅग्नम-पीएसआय किंवा आपल्याकडे आसामात सोनापूरचं सिंपल-पीएसआय. ड्युटेरियम किती अडकतं, फोड येतात का, हेलियमने काळ्या मखमलीसारखा फझ (बारीक तंतूंचा थर) उगवतो का, हे इथेच नीट कळतं. लेप सुटतो का एवढंच बघायचं असेल तर इथे जाणं म्हणजे निव्वळ मशीनचा वेळ वाया घालवणं.

मी स्वतः ई-बीमपासून सुरुवात करेन, पण त्याच्याही आधी व्हॅक्यूम फर्नेसमध्ये दोन-चार वेळा तापवून थंड करा, चिकटटेप लावून ओढा. फुकटात दोन सॅम्पल बाद झाली तर बीमचा दिवस वाचतो. आमचं एक सॅम्पल होल्डरमध्ये नीट घट्ट बसलं नव्हतं, मागून उष्णता निघेना, आणि कोटिंग गेलं म्हणून आम्ही दोन दिवस कोटिंगलाच शिव्या घातल्या. पहिल्याच पल्सपासून सगळं सॅम्पल सारखंच जास्त तापत होतं हे नंतर व्हिडिओत दिसलं. लेप खरंच सुटला असेल तर तो तुकडाच आधी लखलखतो, बाकी सगळं मंद असताना एक नखाएवढा डाग पांढरा होतो, पावसाळ्यात भिंतीचा पोपडा फुगतो ना, तसाच तो खालपासून सुटलेला असतो. टंगस्टनची एमिसिव्हिटी (तापल्यावर प्रकाश-उष्णता बाहेर टाकायची क्षमता) कमी आणि खडबडीत लेपाची वेगळी, त्यामुळे त्या प्रकाशावरून तापमान मोजणाऱ्या एकरंगी पायरोमीटरवर विसंबू नका, दोनरंगी मिळत असेल तर तोच लावा.

दहातली दोन फर्नेसला, चार ई-बीमला, टिकलेल्या बॅचची दोन गार्शिंगला, आणि हेलियमचा प्रश्न असेलच तर एक प्लाझ्माला. उरलेलं एक कशालाच लावू नका, कापून एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) बघायला न तापवलेलं सॅम्पल लागतं आणि ते नेमकं कुणीच ठेवलेलं नसतं.