ठकीची पेटी: वरून उघडणाऱ्या कॅट कॅरिअरचा दीड वर्षाचा अनुभव

मांजराला दवाखान्यात नेण्यासाठी घेतलेली, समोरून आणि वरून अशी दोन्हीकडून उघडणारी कडक प्लॅस्टिकची पेटी आम्ही गेले दीड वर्ष वापरत आहोत. या काळात आमच्या ठकीच्या दवाखान्याच्या एकोणतीस फेऱ्या तिच्यातून झाल्या असल्यामुळे पेटीचे गुणदोष मला आता पाठ झाले आहेत. याच घडणीच्या पेट्या अनेक कंपन्या काढतात आणि त्यांतला फरक बहुधा रंगाचा व खिट्ट्यांचा असतो, म्हणून हा अभिप्राय एखाद्या कंपनीपुरता न धरता या घडणीविषयी आहे असे समजावे. आमच्या पेटीची लांबी ५० सेंटिमीटर, रुंदी ३३ आणि उंची ३२ सेंटिमीटर भरली. ठाण्यातल्याच एका दुकानातून ती २,६५० रुपयांना घेतली.

पेटीविषयी लिहिण्याआधी ठकीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तिच्याशिवाय या वस्तूची किंमत कळणार नाही. २०१२ च्या जुलैमध्ये, सलग तीन दिवस पाऊस लागलेला असताना, इमारतीच्या मीटरच्या खोलीत माझ्या सासूबाईंना ती सापडली. पांढरी, काळी आणि केशरी अशी तिरंगी, मुठीत मावेल एवढी, आणि ओरडून ओरडून आवाज बसलेली. सासूबाईंनी तिला पदराने पुसले आणि घरात आणून लाकडी बाहुलीचे नाव दिले. पुढची सात वर्षे ती त्यांच्या पायाशी झोपली. २०१९ मध्ये सासूबाई गेल्या, त्यानंतर काही दिवस ठकी त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी बसून दाराकडे पाहत असे आणि कोणी हाक मारली तरी मान वळवत नसे. मग एका रात्री ती उठून माझ्या खोलीत आली, माझ्या चष्म्याच्या काडीवर गाल घासला आणि माझ्या पोटऱ्यांना टेकून झोपली. त्या रात्रीपासून ती माझी आहे, किंवा खरे सांगायचे तर मी तिची आहे.

वयाच्या बाराव्या वर्षी तिचे पाणी पिणे एकाएकी वाढले. तपासणीत मूत्रपिंडाचा आजार निघाला. मांजराच्या मूत्रपिंडांची सुमारे पाऊण क्षमता संपेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, नेहमीच्या मर्यादेबाहेर जात नाही, त्यामुळे आजार कळतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. ठकीचे क्रिएटिनिन ३.१ आले, म्हणजे आजार चारपैकी तिसऱ्या टप्प्यात होता. तेव्हापासून रक्त, लघवी आणि रक्तदाब यांच्या तपासण्या आणि कातडीखाली सलाइन यांसाठी दर दोनतीन आठवड्यांनी दवाखाना लागला.

त्या वेळी आमच्याकडे समोरून चेन असलेली कापडी पिशवी होती. तिच्यात ठकीला घालणे ही दर वेळची झटापट असे. तोंड पिशवीकडे केले की ती चारही पाय चौकटीला लावून धरी. मागून ढकलावे तर पिशवीचे मऊ कापड खाली बसे आणि तिचेच अंग चेनीत अडके. एकदा तिच्या नखाचे टोक मोडून कापडात राहिले आणि माझ्या हातावरून कोपरापर्यंत ओरखडे उठले. ओरखडे चार दिवसांत भरून आले. पण घरी परतल्यावर ती लोखंडी कपाटामागे जाऊन बसू लागली आणि दोन दोन दिवस अन्नाला तोंड लावीना. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते, आणि इथे तर मूत्रपिंडाचा आजार आधीच होता. त्याहूनही मला जे सहन होईना ते वेगळेच होते. मी कुरवाळायला हात पुढे केला की ती मान आत ओढून घेऊ लागली. सात वर्षांच्या सोबतीनंतर सासूबाईंकडून माझ्याकडे आलेला तो विश्वास एका पिशवीपायी हातातून निसटतो आहे, हे मला रोज दिसत होते.

नवी पेटी घेण्याचा सल्ला दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी दिला. तिची घडण साधी आहे. खालचा अर्धा भाग टोपासारखा खोल, वरचा अर्धा झाकणासारखा, दोन्ही बाजूंना खिट्ट्यांनी जोडलेले. समोर तारेच्या जाळीचे दार आणि वर, दांडीच्या दोन्ही अंगांना उघडणारे, दुसरे जाळीदार दार. वरून दार असण्याचा फायदा वापरल्याशिवाय लक्षात येत नाही. मांजराला समोरच्या भोकात ढकलायचे म्हणजे त्याला अंधाऱ्या बिळात कोंबणे होते. वरून ठेवताना मात्र आपण त्याला एका हाताने छातीखाली आणि दुसऱ्याने मागच्या पायांखाली आधार देतो, त्याचे चारही पाय एकदमच तळाला टेकतात आणि आपला हात शेवटपर्यंत त्याच्या पाठीवर राहतो. ठकीच्या बाबतीत पहिल्याच खेपेला झटापट निम्म्याने कमी झाली.

परंतु या पेटीचा सर्वांत मोठा गुण दवाखान्यात दिसतो. डॉक्टर मॅडम चार खिट्ट्या सोडतात, वरचा भाग उचलून बाजूला ठेवतात आणि ठकी खालच्या भागात, आपल्या गोधडीवर, बसलेलीच राहते. तिला ओढून बाहेर काढावे लागत नाही, थंडगार स्टीलच्या टेबलावर उभे करावे लागत नाही. वजन मात्र ठकीला बाहेर न काढता पेटीसकट करून नंतर पेटीचे वजा करतात. रक्तदाबाचा पट्टा तिच्या शेपटीच्या मुळाशी बांधतात, आणि तोही आल्याबरोबर न बांधता पाचदहा मिनिटे तिला शांत बसू देऊन. यामागे केवळ माया नाही. घाबरलेल्या मांजराचा रक्तदाब आणि रक्तातली साखर दोन्ही खरोखर वाढतात, आणि मग नसलेल्या आजाराचे आकडे कागदावर येतात. कापडी पिशवीच्या दिवसांत ठकीची साखर दोनदा जास्त आली होती आणि मधुमेहाची शंका घेतली गेली होती. या पेटीतून नेऊ लागल्यापासून ती एकदाही वाढलेली आलेली नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण अनेक जण पेटी आणतात आणि आठवडाभरात निराश होतात. पेटी आणल्याच्या दिवशी मांजर तिच्यात बसणार नाही. आम्ही पहिले तीन आठवडे ती दवाखान्यासाठी वापरलीच नाही. वरचा भाग आणि दार काढून फक्त खालचा टोप खिडकीपाशी, सकाळचे ऊन येते तिथे ठेवला आणि त्यात सासूबाईंच्या जुन्या नऊवारीच्या गोधडीचा तुकडा अंथरला. मांजराच्या गालांत गंधग्रंथी असतात आणि ते ज्याला गाल घासते ते त्याच्यासाठी ओळखीचे आणि सुरक्षित होते. म्हणून ती गोधडी मी धुतली नाही, उलट ठकी तिच्यावर चार दिवस झोपल्यानंतरच ती टोपात ठेवली. पहिल्या आठवड्यात खाण्याची वाटी पेटीजवळ, दुसऱ्यात पेटीच्या कडेवर, तिसऱ्यात आत. मग वरचा भाग बसवला, मग दार, मग दार क्षणभर लावून लगेच उघडणे. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असेच दिसले होते, की पेटीची काही आठवडे सवय केलेल्या मांजरांना प्रवासाचा ताण सवय नसलेल्यांपेक्षा कमी झाला.

सोळाव्या दिवशीची दुपार मला आठवते. मी भाजी निवडत होते आणि ठकी टोपाच्या कडेवर पुढचे पाय टेकवून आत पाहत उभी होती. मग ती आत उतरली, एक गिरकी घेतली आणि गोधडीवर पुढचे पंजे कणीक मळावी तसे आळीपाळीने दाबू लागली. नखे नऊवारीच्या जुन्या काठात अडकत आणि सुटत, आणि त्याचा बारीक टर्र टर्र आवाज येई. आईचे दूध पिताना पिल्ले असेच पंजे मळतात. सासूबाईंच्या मांडीवर ती हेच करीत असे. मी जागेवरून हलले नाही. तिने माझ्याकडे पाहिले, डोळे अर्धे मिटले आणि हळूच उघडले. मीही तसेच केले. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की माणसाने असे सावकाश डोळे मिटून उघडले तर मांजरही त्याला तसेच उत्तर देते आणि त्याच्या जवळ यायला अधिक राजी असते. आमच्या घरी हे सासूबाईंना कोणत्याही अभ्यासाशिवाय ठाऊक होते, त्या म्हणत, “तिने डोळे मिटले ना, म्हणजे तिने आपल्याला घरचे म्हटले.”

रिक्षातला प्रवास हा आमच्यासाठी वेगळा प्रश्न होता, कारण खड्ड्यांमुळे पेटी सतत हिंदकळे. वरची दांडी धरून पेटी उचलली की ती झोपाळ्यासारखी झुलते आणि आतला जीव प्रत्येक पावलाला तोल सावरत राहतो. म्हणून दांडी फक्त कपाटावरून पेटी काढण्यापुरती वापरावी आणि एरवी पेटी दोन्ही हातांनी खालून, छातीशी धरून न्यावी. रिक्षात मी ती मांडीवर न घेता सीटवर, पाठीच्या बाजूला चिकटवून ठेवते आणि तिच्याभोवती हात घालून बसते. वरून पातळ सुती पंचा पांघरते, म्हणजे गाड्या आणि कुत्री यांचे दृश्य तरी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. समोरच्या बंद दाराची जाळी पंच्याने न झाकता माझ्या बाजूला ठेवते आणि तिच्यात एक बोट घालते. त्या बोटाला ती नाक लावते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र पंचा अर्धाच टाकावा. या पेटीला बाजूंनी हवेसाठी जी छिद्रे आहेत ती मोजकी आणि बारीक आहेत, आणि कोंदट उकाड्यात आतली हवा लवकर तापते. हा या घडणीचा पहिला खरा दोष आहे. आम्ही उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आतली वेळ मागून घेतो.

दुसरा दोष सफाईचा. खालच्या भागात, जिथे वरचा भाग बसतो, तिथे बोटभर रुंदीची खाच आहे आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाकडून वाटेत लघवी होणे साहजिक असल्यामुळे ती त्या खाचेत साचते. जुना दात घासण्याचा ब्रश आणि साबणाचे गरम पाणी यांनी ती स्वच्छ होते. इथे कळकळीने सांगते, की फिनेल वापरू नका. आपल्याकडे प्रत्येक मोरीत त्याची बाटली असते, परंतु फिनेलमधले फिनॉलसारखे पदार्थ शरीराबाहेर टाकण्याची प्रक्रिया मांजराच्या यकृतात अत्यंत दुबळी असते आणि पायांना लागलेले फिनेल ते चाटते. त्याच कारणाने पॅरासिटामॉलची एखादी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

पेटीचे नुसते वजन दीड किलोच्या वर आहे आणि ठकीचे साडेतीन, म्हणजे माझ्या वयाच्या बाईला तिसऱ्या मजल्यावरून लिफ्ट बंद असताना ती उतरवणे कठीण जाते. वेताची टोपली हलकी असते आणि हवाही छान खेळते, हे मान्य आहे. पण वेतात शिरलेला लघवीचा वास जात नाही आणि त्या वासाबरोबर भीतीही टोपलीत मुरते. कापडी पिशवी धडधाकट, तरुण आणि शांत मांजराला वर्षातून एकदा लशीसाठी नेण्यापुरती चालेल. आजारी किंवा म्हाताऱ्या मांजरासाठी, ज्याला पुन्हा पुन्हा न्यावे लागते, मी नि:शंकपणे हीच घडण सुचवीन. सहा किलोंच्या बोक्याला मात्र ५० सेंटिमीटरची पेटी अपुरी पडेल. मांजराला आत उभे राहून पूर्ण वळता आले पाहिजे, या हिशेबाने मोठे माप घ्यावे. दोन मांजरे एकाच पेटीत घालू नयेत, ती सख्खी भावंडे असली तरीही.

खिट्ट्यांविषयी माझी तक्रार राहिली आहे. चौदाव्या महिन्यात मागच्या बाजूची एक खिट्टी जिन्यातच तुटली आणि पेटीचा वरचा भाग एका कोपऱ्यातून वर आला. ठकी बाहेर उडी मारू शकली असती. ती गोधडीवर तशीच बसून राहिली आणि मी पेटी पोटाशी घट्ट धरून घरी परत चढले. दुकानदाराकडे सुट्या खिट्ट्या मागितल्या तेव्हा त्या मिळत नाहीत, नवीन पेटीच घ्या, असे उत्तर मिळाले. पंचवीसतीस रुपयांच्या तुकड्यासाठी मांजराने महिनोन्महिने आपलीशी केलेली, तिच्या वासाची पेटी फेकून द्यायची, हे मला पटले नाही. सध्या त्या कोपऱ्याला सामानाचा नायलॉनचा पट्टा आवळून लावला आहे आणि प्रत्येक फेरीच्या आधी चारही कोपरे ओढून पाहते. या पेट्या काढणाऱ्यांनी प्रत्येक पेटीबरोबर दोन जादा खिट्ट्या द्याव्यात आणि घेणाऱ्यांनी, शक्य असेल तिथे, प्लॅस्टिकऐवजी धातूच्या खिट्ट्यांची पेटी मागून घ्यावी.