एक पालक–एक भाषा, की घरात एकच भाषा?

मुलाला घरातूनच दुसरी भाषा द्यायची, तर दोन वाटा आहेत. एक, आईने एक भाषा बोलायची, बाबांनी दुसरी. फ्रेंच भाषातज्ज्ञ मोरीस ग्रामों यांचा हा सल्ला झ्यूल रोंजा या भाषातज्ज्ञानेच आपल्या मुलासाठी पाळला आणि १९१३ मध्ये त्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दुसरी वाट म्हणजे घरात सगळ्यांनी बाहेर कमी ऐकू येणारी भाषाच बोलायची. बाहेरची भाषा शाळा आणि मैदान शिकवतंच.

पहिली सुरू करायला सोपी, जोडीदाराला नवी भाषा शिकावी लागत नाही. पण सगळा भार एकावर पडतो. तो पालक कामावरून उशिरा आला, की त्या दिवशीची भाषा ‘जेव, दात घास, झोप’ एवढ्यावर आटपते. शिवाय तिघं एकत्र बसले की गप्पा आपसूक बाहेरच्या भाषेत वळतात.

भाषातज्ज्ञ आनिक द हाउवर यांनी २००७ मध्ये बेल्जियमच्या फ्लांडर्स या डच भाषिक भागातल्या सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी मांडली. दोन्ही पालक घरी फक्त अल्पसंख्य भाषा बोलत, अशा जवळपास ९७ टक्के घरांत मुलंही ती बोलत होती. ‘एक पालक–एक भाषा’वाल्या घरांत सुमारे ७४ टक्के. फरक मोठा आहे.

दोघांनाही भाषा येत असेल, तर माझा कौल निःसंशय दुसऱ्या वाटेला. येत नसेल तर पहिलीच, पण रोज गोष्ट वाचून दाखवणं आणि आजी-आजोबांशी फोनवर गप्पा हव्यातच. मूल बाहेरच्या भाषेत उत्तर देऊ लागलं तर रागावू नका. त्याचंच वाक्य आपल्या भाषेत म्हणा आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा.