डोंगरावरच्या रिपीटरचा पॉवर सप्लाय आणि बॅटरी: १६ महिन्यांनंतरचा अनुभव

मी मुलुंडला राहतो. आमच्या पाच हॅम (हौशी रेडिओवाल्या) मित्रांचा एक व्हीएचएफ रिपीटर, म्हणजे हँडसेटवरचं बोलणं उंचावरून पुन्हा दूरवर पाठवणारा सेट, कर्जतच्या बाजूला एका डोंगरावर आहे. डोंगराचं नाव लिहीत नाही, कारण तांब्याच्या केबलवर आणि बॅटऱ्यांवर डोळा ठेवणारे लोक सगळीकडे आहेत. गाडी वाडीपर्यंत जाते, पुढे दीड तासाची चढण. वर एक पत्र्याची खोली, एक टॉवर आणि वाडीच्या डीपीवरून ओढलेली सिंगल फेजची लाईन. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तिथला सगळा पॉवर सेटअप बदलला. त्याला आता एक पूर्ण पावसाळा आणि दुसऱ्याचा बराचसा भाग झाला आहे, म्हणून हे लिहितोय.

आपल्याला मुंबईत राहून बॅकअपची सवय नसते. गावाकडे घरोघरी इन्व्हर्टर असतो, आपल्या बिल्डिंगमध्ये क्वचितच. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी सगळी मुंबई बंद पडली तो दिवस आपल्याला तारखेसकट आठवतो, यातच सगळं आलं. त्यामुळे साइटचं गणित करताना आम्ही एकच प्रश्न विचारला होता: किती तास चालेल? आज मी पहिला प्रश्न वेगळा विचारेन. बॅटरी पूर्ण संपल्यावर लाईट परत आली, तर वर कोणीही न जाता साइट आपणहून उठेल का?

आधी जुन्या सेटबद्दल. १०० अँपिअर-आवरच्या दोन सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या होत्या आणि त्यांना कायम १३.८ व्होल्ट देणारा साधा सप्लाय. अडीच वर्षांत दोन्ही फुगल्या. दोष बॅटरीचा नव्हता. १३.८ हा आकडा २५ अंशांच्या आसपासचा आहे. तापमान वाढलं की १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला दर अंशामागे साधारण १८ मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ४५ अंश असतात, म्हणजे जवळजवळ ०.३६ व्होल्ट जास्त, रोज, तासन् तास. ज्यांना लेड-अ‍ॅसिडच घ्यायची आहे त्यांनी टेम्परेचर सेन्सर असलेला चार्जरच घ्यावा आणि सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवावा, भिंतीला नाही.

नव्या सेटसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट ठरवली, २०० अँपिअर-आवर, १२.८ व्होल्ट. ५२,००० रुपयांना पडली. लेड-अ‍ॅसिडच्या मानाने महाग, पण तिचा ऐंशी टक्के भाग बिनघोर वापरता येतो, लेड-अ‍ॅसिडचा निम्माच धरायचा. आमचा रिपीटर नुसता ऐकत असताना १ अँपिअर घेतो आणि बोलत असताना ८. दिवसाचा पाव वेळ ट्रान्समिट धरला तर सरासरी २.७५ अँपिअर, म्हणजे २४ तासांचे ६६ अँपिअर-आवर. दोन दिवसांचे १३२. तेवढ्यासाठी लिथियम १६५ची लागते, लेड-अ‍ॅसिड २६४ची. आता २६४ची लेड-अ‍ॅसिड त्या चढणीवरून न्यायची म्हणजे सत्तर-ऐंशी किलो शिसं. लिथियमची २०० अँपिअर-आवर आम्ही १०० च्या दोन पेट्यांत घेतली, एकेक साधारण १२ किलोची. वाडीतल्या मामांनी एकेक पाठीवर घेतली आणि आमच्या आधी वर पोहोचले. खरं सांगायचं तर हा निर्णय निम्मा त्या चढणीनेच केला.

सोबत लॅमिंग्टन रोडवरून ३० अँपिअरचा एसएमपीएस (लाईनच्या विजेवरून बॅटरीला लागणारा डीसी देणारा सप्लाय), ३३० वॉटचं एक सोलर पॅनल आणि एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालवून बॅटरी चार्ज करणारा. पीडब्ल्यूएम हा साध्या प्रकारचा कंट्रोलर स्वस्त मिळत होता, पण असं पॅनल ३७ व्होल्टच्या आसपास काम करतं. पीडब्ल्यूएम त्याला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली खेचतो आणि अर्ध्याहून जास्त ताकद वाया जाते. सोलर १४.२ वर ठेवला आणि एसएमपीएस १३.८ वर. त्यामुळे ऊन असेल तेव्हा लोड आपोआप सोलरवर जातो, आणि १४.२ला बॅटरीतल्या सेल्सचं बॅलन्सिंगही (सगळे सेल सारख्या पातळीला आणणं) होतं, जे नुसत्या १३.८ वर नीट होत नाही.

पहिले तीन महिने उत्तम गेले. मग जुलै आला.

पावसात खालचा पोल पडला आणि लाईन बंद झाली. परिसरातले मोबाइल टॉवरही एक-एक करून गेले, त्यामुळे रिपीटरवर बोलणं खूप वाढलं. पाव वेळेचं आमचं गणित तिथेच मोडलं. धुकं इतकं की पॅनलमधून दिवसाला १५ अँपिअर-आवरसुद्धा येईनात. तिसऱ्या दिवशी रिपीटर गप्प झाला. इथपर्यंत ठीक होतं. चौथ्या दिवशी वाडीतून फोन आला, लाईट आली. मी गच्चीवर सेट घेऊन बसलो. एक तास, दोन तास, काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी भर पावसात आम्ही दोघं वर गेलो. खोलीत दिवा चालू, आणि एसएमपीएस टक... टक... टक... असा आवाज करत होता. बॅटरी पूर्ण रिकामी होऊन तिच्या आतल्या संरक्षण सर्किटने, बीएमएसने, तिला तोडलं होतं. लाईट आल्यावर बीएमएसने तिला परत जोडलं, पण रिकामी लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते. त्या एसएमपीएसचं ओव्हरलोड प्रोटेक्शन असं होतं, की मर्यादा ओलांडली की आउटपुट बंद, क्षणभराने परत प्रयत्न, परत बंद. डेटाशीटवर याला हिकप मोड म्हणतात. असा प्रकार तो रात्रभर करत होता. लाईट आणि बॅटरी दोन्ही धडधाकट होत्या, पण साइट उठत नव्हती. सोलरचा कंट्रोलरही टर्मिनलवर बॅटरीचा व्होल्टेज स्थिर दिसल्याशिवाय सुरू होत नाही.

गाडीचा जादा हेडलाइट बल्ब सॅकमध्ये होता. तो बॅटरीच्या वायरमध्ये सिरीजला लावला, म्हणजे करंट आवरला. दोन तासांनी बॅटरी १३ च्या वर आली तेव्हा बल्ब काढून थेट जोडली. रिपीटर बोलू लागला तेव्हा बाहेर काळोख पडायला आला होता.

त्यानंतर दोन बदल केले आणि माझ्या मते तेच या अनुभवाचं मोल आहे. एक, एसएमपीएस बदलला. नव्याच्या डेटाशीटवर ओव्हरलोडसमोर ‘कॉन्स्टंट करंट लिमिटिंग’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तो २५ अँपिअरवर थांबतो, व्होल्टेज खाली येऊ देतो, पण बंद पडत नाही. दोन, लो व्होल्टेज डिस्कनेक्ट बसवला. तो १२ व्होल्टला रिपीटर तोडतो आणि १३.२ ला परत जोडतो. बीएमएस साधारण १० व्होल्टला तोडतं, पण ते बॅटरीचं शेवटचं संरक्षण आहे, रोजचा स्विच नाही. तिथपर्यंत गोष्ट जाऊच द्यायची नाही. तोडण्या-जोडण्यातलं अंतरही मोठं ठेवा, नाहीतर रिले रात्रभर फडफडत राहतो. हे बसवल्यावर मी मुद्दाम मेन्स (लाईनची वीज) आणि पॅनल दोन्ही काढून बॅटरी संपू दिली आणि परत जोडली. साइट आपणहून उठली. ही चाचणी खाली उतरण्यापूर्वी करा, विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका.

एमपीपीटीने एक त्रास दिला जो कळायला महिना गेला. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात लांबचे हँडसेट रिपीटरला नीट ऐकू येत नव्हते, रात्री तेच स्वच्छ. कंट्रोलरच्या स्विचिंगचा आवाज पॅनलच्या लांब वायरींवरून अँटेनात शिरत होता. कंट्रोलर पत्र्याच्या बंद डब्यात घातला, पॅनलच्या दोन्ही वायरी एकमेकींवर पिळल्या, दोन्ही टोकांना असा आवाज दाबणाऱ्या फेराइट क्लिप लावल्या. बराच फरक पडला, पूर्ण गेला नाही.

बॅटरीपासून रिपीटर सहा मीटरवर आहे. आधी तिथे ४ स्क्वेअर एमएमची वायर होती. ट्रान्समिटच्या ८ अँपिअरला जाता-येता जवळजवळ अर्धा व्होल्ट त्यातच जायचा. आता १६ची आहे. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून एक वीतभर अंतरात हवा, कारण लिथियमचा शॉर्ट फार भयानक असतो. टर्मिनलला व्हॅसलीन, केबलच्या प्रत्येक भोकाला ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच). पाली आणि मुंग्या दोन्ही आत येतात. ऑक्टोबरच्या विजांमध्ये मेन्सच्या सर्ज प्रोटेक्टरची खिडकी लाल झाली, म्हणजे झटका त्याने स्वतःवर घेतला आणि तो निकामी झाला; रिपीटर वाचला. टॉवरचं अर्थिंग आणि खोलीतलं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं आहे, वेगवेगळं नाही, हे त्याचं कारण.

सोलरबद्दल माझं मत: मे महिन्यात ८०-८५ अँपिअर-आवर देणारं पॅनल पावसाळ्याचे चार महिने जेमतेम हातभार लावतं. आणि आपल्याकडे लाईट जाते ती नेमकी त्याच चार महिन्यांत. ज्या साइटला मेन्सच नाही तिथे पॅनल जुलैच्या हिशोबाने घ्या, वर्षाच्या सरासरीने नाही.

जीएसएमवर मेसेज पाठवणारं अलार्म युनिट आम्ही घेतलं नाही. जुलैत त्या भागातला मोबाइल आमच्या आधी गेला होता. त्याऐवजी रिपीटरच्या कंट्रोलरमध्ये एवढंच केलं, की मेन्स नसेल तर रिपीटर दर दहा मिनिटांनी मोर्समध्ये आपली ओळख देतो तेव्हा शेवटी एक टिट (मोर्समधला छोटा बिंदू) जास्त वाजतो.

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला तो टिट ऐकू आला. पहाटेही होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही. तिसऱ्या दिवशी दुपारी रिपीटर गेला, म्हणजे १२ व्होल्टला तुटला. त्या रात्री पावणेदोनला सेटमधून ओळख आली, शेवटचा टिट नव्हता. कोणी वर गेलं नव्हतं.