काफ्काचं ‘मेटॅमॉर्फोसिस’ : किडा नंतर, आधी हिशेब

माणूस सकाळी उठतो तो किडा होऊनच, हे पहिल्या वाक्यात सांगून जर्मन भाषेत लिहिणारा लेखक फ्रान्झ काफ्का मोकळा होतो. वाचक मात्र तिथेच अडकतो. किडा म्हणजे काय, प्रतीक कशाचं? वीसेक पानांत उत्तर मिळत नाही आणि १९१५ सालची ही छोटीशी कादंबरी परत कपाटात जाते.

जळगावच्या फुले मार्केटात कापडाचे नमुने घेऊन फिरणारे विक्रेते ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा किडा झालेला ग्रेगोर साम्सा परका वाटू नये. त्याचाही धंदा तोच. गजर चारचा, गाडी पाचची, डोळे उघडले साडेसहाला. पाठ टणक झालीये, पाय वळवळताहेत आणि गडी विचार करतोय की सातची तरी मिळेल का! सव्वासातच्या आत पेढीवरचा मोठा मुनीम दारात हजर. पहिला भाग रेंगाळतो हे खरं. अंथरुणातून उठून जबड्याने किल्ली फिरवेपर्यंतच त्याची बरीच पानं जातात. तिथे कंटाळू नका.

दुसरा भाग सावकाश वाचा, हाताशी कागद ठेवून. वडिलांचा धंदा पाच वर्षांपूर्वी बुडाला. ग्रेगोरच्या मालकाचं देणं त्यांचं, फेडणारा मुलगा, आणि अजून पाच-सहा वर्षं बाकी. मग कळतं, बुडीत धंद्यातूनही म्हाताऱ्याने थोडी रक्कम राखली होती. मुलाच्या पगारातलं उरलेलंही साठवलं होतं. एवढ्यात देणं लवकर फिटलं असतं. ग्रेगोर रागावत नाही, उलट बरं झालं म्हणतो! पुढे वडील बँकेत शिपाई होतात, आई दुकानासाठी शिवते, बहीण ग्रेटे दुकानात लागते, एक खोली तिघा भाडेकरूंना जाते. घरात पैसा येऊ लागतो तसतशी ग्रेगोरच्या खोलीत अडगळ साठते.

अनुवाद घेण्याआधी तिसऱ्या भागातलं ग्रेटेचं बोलणं उघडून बघा. या राक्षसासमोर भावाचं नावही घेणार नाही असं म्हणून ती ‘ते’ घालवायला हवं म्हणते. जर्मनमध्ये इथे नपुंसकलिंगी सर्वनाम आहे. मराठीत हा घाव सहज बसतो, पण अनुवादकाने ‘किडा’ धरून ‘त्याला घालवायला हवं’ लिहिलं की बोथट होतो. ‘जनावर’ हा शब्द इथे चपखल. आपल्याकडे सापालाही जनावरच म्हणतात. झाडणारी म्हातारी ग्रेगोरला शेणकिडा म्हणून हाक मारते, तो शब्द मात्र जसाच्या तसा उतरला पाहिजे. मुखपृष्ठावर झुरळाचं चित्र असेल तर दुर्लक्ष करा. किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका, असं काफ्कानेच प्रकाशकाला कळवलं होतं.

भाडेकरूंचा प्रसंग थोडा नाटकी वाटतो. शेवटची दोन पानं मात्र घाईत उरकू नका. आई, वडील आणि ग्रेटे आपापल्या मालकांना रजेचे अर्ज लिहितात, ट्रामने गावाबाहेर फिरायला निघतात, आणि वाटेत ठरतं : आता लहान, स्वस्त घर बघायचं.