डिझेल गाडीचं डुप्लिकेट ऑइल: २,६५० रुपयांच्या डब्याने ३५,९४० ला घातलं

आधी आकडे सांगतो, म्हणजे ज्यांना 'एवढं काय त्यात' वाटतंय तेही पुढे वाचतील. पाच लिटरचा डबा २,६५० रुपये, ऑइल फिल्टर ४८०, मेकॅनिकची मजुरी ४००. त्यानंतर टोचन ३,५००, सर्व्हिस सेंटरला स्कॅनिंग १,१८०, डीपीएफचं, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतल्या काजळी अडवणाऱ्या जाळीचं, फोर्स्ड रिजनरेशन (अडकलेली काजळी मुद्दाम जाळून टाकणं) ४,१३० (उपयोग शून्य), मग तो डीपीएफ खाली उतरवून साफ करणं १७,७००, आणि इंजिन फ्लश करून पुन्हा खरं ऑइल आणि फिल्टर ५,९००. झाले ३५,९४०.

आणि मी काही नवखा नाही. गाडी बीएस-६ डिझेल आहे, तिला मॅन्युअलप्रमाणे ५डब्ल्यू-३० (ऑइलचा जाडपणा) आणि एसीईए सी३ (कमी राखेच्या ऑइलचा युरोपियन दर्जा) लागतं, हे मला पाठ आहे. बरेच मेकॅनिक अजून "डिझेलला जाड ऑइलच पाहिजे साहेब, १५डब्ल्यू-४० टाका, बिनधास्त" म्हणतात. त्यांचं ऐकू नका. जुन्या गाड्यांना ते चालायचं, कारण सायलेन्सरच्या वाटेत जाळी नव्हती. २०२० नंतरच्या गाड्यांना डीपीएफ असतो. काजळी रिजनरेशनमध्ये जळून जाते, पण ऑइलमधल्या अॅडिटिव्हची राख जळत नाही, ती जाळीतच बसते. म्हणून सी३ मध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्क्याच्या वर चालत नाही. हे सगळं माहीत असलेला माणूस फसला, कारण डब्यावर नेमकं हेच छापलेलं होतं. ५डब्ल्यू-३०, सी३, सगळं बरोबर. आत काय होतं ते देव जाणे.

एमआरपी ३,९५०, दुकानदाराने लावले २,६५०. सूट जास्त वाटते? ऑइलवर एवढी सूट बाजारात सर्रास मिळते, कुणीही सांगेल. शिवाय दुकान वर्षानुवर्षांच्या ओळखीचं, वायपर, बल्ब, कूलंट सगळं तिथूनच. मी पक्कं बिल मागितलं. "पक्कं पाहिजे तर अठरा टक्के वर पडतील." म्हणजे ४७७ रुपये. मी कच्च्या चिठ्ठीवर भागवलं.

तिथेच घंटा वाजायला हवी होती. एमआरपीमध्ये कर धरलेलाच असतो! ज्याने माल बिलावर उचललाय त्याला बिल फाडायला अडचण काय? त्याच्याकडेच त्या डब्याचं खरेदीचं बिल नव्हतं, म्हणून तो मला देत नव्हता. रात्री झोप लागत नाही तेव्हा हेच ४७७ डोळ्यांपुढे येतात. पण मला सांगा, कच्च्या चिठ्ठीवर कोण घेत नाही? तुम्ही शेवटचा डबा घेतला तेव्हा बिल घेतलं होतं?

दुसरी खूण गॅरेजमध्ये दिसली. झाकणाखालचं चंदेरी सील नखाने उचलताच अख्खं निघून आलं, कडेला गोंदाची तार. खऱ्या डब्याचं सील फाडावं लागतं. बॅच आणि तारीख माझ्या तेलकट अंगठ्याने पुसली जायला लागली, 'बॅच'मधला 'बॅ' सरळ बोटावर आला. मेकॅनिक म्हणाला, "हल्ली असंच येतंय." तोवर जुनं ऑइल ट्रेमध्ये आणि गाडी रॅम्पवर. त्या अवस्थेत कुठे जाणार होतो?

पुढचं थोडक्यात. इंजिनचा आवाज खरखरीत झाला, डिपस्टिकवर ऑइल भराभर उतरायला लागलं. ऑइल काळं पडलं म्हणून मी शंका घेतली नाही, कारण डिझेलमध्ये चांगलं ऑइलही लगेच काळं होतं. रंगावरून परीक्षा करू नका. खंबाटकी घाटात डीपीएफचा दिवा लागला, पिकअप गेला, गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद आपोआप कमी. घरची मंडळी गाडीत. ड्रेन केलं तेव्हा फिल्टरच्या घड्यांत डांबरासारखा चिखल. गाडी ७८,००० किलोमीटर चाललेली, जाळीत आधीची थोडी राख असणारच, हे मलाही कळतं. पण रोज ऑइल जळून त्याच जाळीत गेलं नसतं तर ती घाटात बसली नसती.

आता आपल्या यंत्रणेची गंमत ऐका. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "तेल तुम्हीच घेतलंत ना? हे दिवाणी आहे." डुप्लिकेट माल विकणं दिवाणी! मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ काढून दाखवलं, तर म्हणे कंपनीने तक्रार दिली पाहिजे. कंपनी फोनवर सांगते, हा बॅच नंबर आमचा नाही. तेच लेटरहेडवर द्या म्हटलं की "अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करा" असा उपदेश. मग वजनमापवाल्यांकडे गेलो. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "डब्यात पाच लिटर भरतं ना? मग आमचा विषय नाही." अहो, डब्यावरचं उत्पादकाचं नाव खोटं, महिना खोटा, किंमत खोटी, फक्त माप खरं! तिथून पुन्हा पोलीस ठाणं. हेल्मेट नसेल तर चौकात चार जण धावून येतात, इथे तक्रारीची पोच द्यायला हात जड होतो. शेवटी तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवला. ठाण्यात दाद मिळाली नाही तर तुम्हीही हेच करा, कायद्यात सोय आहे.

दुकानदार? "साहेब, वरून जसा येतो तसा विकतो." दुकान चालू आहे, गर्दी आहे.

रिकामे डबे गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. भंगारवाला ब्रँडच्या धड डब्याला जादा पैसे उगीच देत नाही. खिळ्याने भोक पाडा, लेबल फाडा. ऑइल स्वतः उभं राहून भरून घ्या, सील ढिलं दिसलं तर जुनं ड्रेन करायच्या आधीच डबा परत करा. पैसे यूपीआयने द्या. माझ्याकडे दुकानाच्या नावावर गेलेल्या त्या २,६५० रुपयांची नोंद आहे, म्हणून निदान तक्रार तरी उभी राहिली.

जिल्हा ग्राहक आयोगात ती दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. माझ्या गाडीत साडेचार लिटर बसतं, त्यामुळे अर्धा लिटर डब्यातच उरलं होतं, तेच आता प्रयोगशाळेच्या तपासणीसाठी मागितलं आहे. तुमच्याकडेही असाच डबा असेल आणि तारीख बोटाने पुसली जात असेल, तर उरलेलं ऑइल ओतून देऊ नका.