बीपीटी झालं, आता एमपीटी की ऑस्टिओपॅथी? फी भरायच्या आधी वाचा

बीपीटीची (फिजिओथेरपीची पदवी) इंटर्नशिप संपलेली दोन-तीन पोरं एकच विचारतायत, दादा एमपीटी (फिजिओथेरपीची मास्टर्स) करू का ऑस्टिओपॅथीला (हातानं सांधे-स्नायूंवर उपचार करायची पद्धत) जाऊ, म्हणून एकदाच टाईप करून ठेवतोय. मी नाशिकच्या सिडकोत फिजिओ आहे, एमपीटीवालाच, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते उघड आहे, तेवढं धरून वाचा.

एमपीटीचं सरळ आहे. सीईटी द्यायची, २ वर्षं, डिग्री आपल्याच म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाची. थिसिस लिहावा लागतो आणि तो लिहिताना माणूस रडकुंडीला येतो. मेटलंड, मलिगन वगैरे हातानं सांधे मोकळे करायच्या पद्धती मस्क्युलोस्केलेटलला (हाडं-सांधे-स्नायूंची शाखा) शिकवतात, पण हात बसेल की नाही ते तुमच्या ओपीडीत किती पेशंट येतात त्यावर. पुढे कॉलेजात शिकवायचं डोक्यात असेल तर जास्त विचार करू नका, हेच घ्या.

ऑस्टिओपॅथीत पहिला घोळ नावाचाच आहे. अमेरिकेतला डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) म्हणजे पूर्ण डॉक्टर, ४ वर्षं मेडिकल कॉलेज, वर रेसिडेन्सी, औषधं लिहितो, सर्जनसुद्धा होतो. आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी हीच दोन अक्षरं लावणारा माणूस फक्त हातानं ट्रीटमेंट करतो, गोळी लिहून देत नाही. इंग्लंडात १९९३ चा कायदाच आहे, जनरल ऑस्टिओपॅथिक काउन्सिलकडे नोंदणी नसताना स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवलं तर गुन्हा. आपल्याकडे फिजिओला राज्याचं ओटी-पीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) काउन्सिल आहे, ऑस्टिओपॅथीला तसं वेगळं काउन्सिल नाही, म्हणजे कॉलेज रोडवर उद्या कोणी काहीही बोर्ड लावला तर पेशंटनं तपासायचं कुठे? त्यामुळे ऑस्टिओपॅथी शिकलात तरी इथे तुम्ही उभे राहणार बीपीटीच्या रजिस्ट्रेशनवरच, ते रिन्यू करायला विसरू नका.

आता तासांचा हिशोब, इथे खरी गंमत आहे. डब्ल्यूएचओनं २०१० मध्ये ट्रेनिंगचे बेंचमार्क काढले, मेडिकल बॅकग्राउंड नसलेल्याला ४२०० तास, त्यातले निदान १००० तास कोणाच्या तरी देखरेखीखाली पेशंटवर. आधीच हेल्थ फील्डमध्ये असाल तर कमी, पण कमी म्हणजे शनिवार-रविवार नव्हे. हॉटेलच्या हॉलमधला दोन दिवसांचा वर्कशॉप म्हणजे जेवण-चहा धरून फार तर १६ तास. मी स्वतः असे तीन केलेत, एकात तर पहिली सकाळ स्लाइड बघण्यातच गेली, पण टेक्निक शिकायला वाईट नाहीत हो, फक्त त्या सर्टिफिकेटच्या जोरावर नावापुढे अक्षरं लावू नका.

बरीच वर्षं चालणारा पार्ट-टाइम कोर्स, तपासणी, रेड फ्लॅग म्हणजे धोक्याची लक्षणं, मानेचं मॅनिप्युलेशन (झटका देऊन सांधा हलवणं) कोणाला करायचं नाही हे सगळं नीट शिकवणारा, तो मात्र मी नाकारणार नाही. द्राक्षाच्या छाटणीनंतर कंबर धरून येणारा शेतकरी तुम्हाला डिग्री विचारत नाही, हात कसा लागतो ते बघतो. पण त्याच माणसाला लघवी अडकतेय, बैठकीच्या जागी बधिर वाटतंय (कमरेतल्या नसा दाबल्याची धोक्याची खूण), हे तुम्ही विचारलंच नाही आणि कडकन आवाज काढून घरी पाठवलं, तर मग नावापुढे अक्षरं कितीही असोत, उपयोग नाही.

परदेशी जायचं असेल तर ज्या देशात जायचंय तिथल्या काउन्सिलच्या साईटवर आपला कोर्स मान्य आहे का ते आधी बघा, कोर्सवाल्याच्या ब्रोशरवर नाही. आणि त्याला फोन करून एवढंच विचारा, क्लिनिकलचे तास किती आणि त्यावर सही कोणाची. उत्तर द्यायच्या आधी त्यानं फी आणि डिस्काउंट सांगायला सुरुवात केली तर फोन ठेवून द्या.